सायकल दिली, पाना कोण देणार?

कर्नाटक सरकारने 2006-07 साली आठवीच्या मुलांना सायकली वाटायला सुरुवात केली. या राज्यात प्राथमिक शाळा सातवीला संपते आणि आठवीपासून हायस्कूल. सीमाभागातल्या मराठी मुलांना हा टप्पा जास्तच जड जातो. मराठी प्राथमिक शाळा गावात असते, पण मराठी हायस्कूल बहुतेकदा तीन-चार मैलांवरच्या दुसऱ्या गावात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर वाटेत जंगल, ओढे आणि दमछाक करणारे चढ. मुलींची शाळा नेमकी इथेच सुटायची. म्हणून आठवीत सायकल. योजना विचारपूर्वक आखलेली होती आणि तिच्यामुळे कितीतरी मुली दहावीपर्यंत पोचल्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण त्या सायकलींचे पुढे काय होते, हेही कुणीतरी बघायला हवे. खेड्यातल्या हायस्कुलाच्या मागची शेड बघा, घरांच्या परसात गोठ्याला टेकवून ठेवलेल्या सायकली बघा. खरोखर मोडलेल्या त्यांत थोड्या. कुणाचे मागचे चाक आऊट झालेय, म्हणजे वाकडे फिरतेय, कुणाची चेन गंजून ताठ झालीय, कुणाच्या ब्रेकचे रबर झिजून लोखंडच रिमला घासतेय, आणि कुणाची निव्वळ वालट्यूब फाटलीय. वालट्यूब म्हणजे व्हॉल्व्हवर चढवायचा बोटभर लांबीचा रबरी तुकडा. तेवढ्यापायी सायकल महिनाभर उभी राहते. मग मृग लागतो, पाऊस झोडपतो, गंज चढतो आणि दिवाळीला भंगारवाला तिला वजनावर घेऊन जातो.

कोविडच्या वर्षांत हे वाटप थांबले आणि तेव्हापासून ते पुन्हा सुरू करा अशी मागणी होत आली आहे. माझा त्या मागणीला पाठिंबा आहे. मात्र माझे म्हणणे असे की सायकलीसोबत पानाही द्यावा, आणि तो वापरायला शाळेतच शिकवावे. घरी सायकल दुरुस्त करणे ही आपल्याकडे रिकामटेकड्याची हौस समजली जाते. माझ्या लेखी ती सार्वजनिक सोय आहे, आणि गावाला नळ देताना तोटी बदलायची व्यवस्था जशी पंचायतीने बघायची असते, तशी ही व्यवस्थाही कुणाची तरी जबाबदारी आहे.

बेळगावात हे पटवून द्यावे लागावे, याचे वाईट वाटते. 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला उद्योग सुरू केला तो याच शहरात, सायकलच्या दुकानापासून. ते मूळचे याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईहून सायकली आणायच्या, इथे विकायच्या, गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचे, असा तो व्यवसाय. तिथून पुढे कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर आणि 1910 साली किर्लोस्करवाडी. किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो-येतो, पण आपल्या भागातल्या यंत्रविद्येची सुरुवात दोन चाकांपासून झाली, हे मुलांना कुणी सांगत नाही. आजही उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीचे ओतकाम चालते, हायड्रॉलिकचे भाग बनतात, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांवर शतांश मिलिमीटरचा हिशेब चालतो. तिथे पाळी करून आलेल्या कामगाराच्या घरी मुलीच्या सायकलचे चाक आठ-आठ दिवस डगडगत राहते. हात त्याचे तयार आहेत. घरात कोनचा, म्हणजे चाकाच्या एक्सलवर बसणाऱ्या शंकूसारख्या नटाचा, पातळ पाना नाही, आणि ही गोष्ट आपण घरी करायची असते असे कुणाला वाटत नाही.

चाक डगडगणे म्हणजे काय आणि ते घालवायला काय लागते, हे एकदा नीट सांगतो, कारण त्याशिवाय माझा मुद्दा हवेत राहील. पुढचे चाक काढायचे. एक्सलच्या एका बाजूचा नट आणि वायसर काढून कोन उलटा फिरवायचा. खाली जुने वर्तमानपत्र अंथरलेले बरे, कारण बेअरिंगच्या गोळ्या सांडतात आणि हरवलेली गोळी कधी सापडत नाही. पुढच्या हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, साधारण एका बाजूला दहा गोळ्या असतात, तीन सोळांश इंचाच्या. मागच्यात नऊ, पाव इंचाच्या. सगळे डिझेलमध्ये धुवायचे, फडक्याने कोरडे करायचे. एकेक गोळी उजेडात धरून बोटांत फिरवायची. लख्ख असेल तर ठेवायची, पण एकीवर जरी काळे खडबडीत ठिपके दिसले तरी सगळा संच बदलायचा, कारण नवी आणि जुनी गोळी एका मापाची राहत नाही. मग कोन बघायचा. गोळ्या जिथून फिरतात तिथे त्यावर एक चकचकीत पट्टी उमटलेली असते. नखाने चाचपून तिच्यात खड्डे लागले तर कोन गेला.

हबाच्या कपात ग्रीस भरून गोळ्या त्यात चिकटवत बसवायच्या, एक्सल सरकवायचा, कोन हाताने पूर्ण आवळायचा आणि मग साधारण पाव फेरा मागे सोडायचा. कोनवर बसणारा लॉकनट आवळताना दुसरा पाना कोनवर धरून ठेवावा लागतो, नाहीतर त्याच्यासोबत कोनही फिरतो आणि केलेली मेहनत वाया जाते. सगळी खुबी इथे आहे. शेवटी चाक एक्सलला धरून उभे धरायचे आणि व्हॉल्व्ह बाजूला आणून सोडून द्यायचे. ते डुलत डुलत थांबले आणि व्हॉल्व्ह आपल्या वजनाने तळाला आला तर काम जमले. मधेच अडखळले तर कोन घट्ट आहे, हाताने आडवे हलवल्यावर खडखडले तर सैल. तेरा वर्षांच्या मुलीला हे एका दुपारी येते. घर्षण तिला आठवीच्या विज्ञानात असतेच. इथे ते तिच्या बोटांना कळते.

मुलगी म्हणालो, ते मुद्दाम. सायकल बिघडली की मुलगा ती ढकलत तिठ्यावरच्या दुकानात नेतो, तिथे उभा राहतो, बघतो आणि बघत बघत अर्धे काम शिकतो. मुलीला तिथे तासभर उभे राहणे अवघड जाते. ती बापाची किंवा भावाची वाट बघते. बाप उसाच्या तोडीत किंवा गोव्यात कामाला, भावाला वेळ नाही. शाळेचे चार दिवस बुडतात, मग आठ. घरात कुणीतरी म्हणतेच की एवढ्या लांब जायचे तरी कशाला. मुलीच्या शिक्षणाची गाडी अशी क्षुल्लक गोष्टीवर अडते, आणि ती क्षुल्लक असल्यामुळेच कुठल्या अहवालात येत नाही. ज्या योजनेचा हेतूच मुलीला कुणावर अवलंबून राहावे लागू नये हा होता, तिने पंक्चरपुरते तिला पुन्हा परावलंबी ठेवले.

यावर कुणी म्हणेल, आता शक्ती योजना आहे. 11 जून 2023 पासून कर्नाटकात सरकारी बसमधून बायका-मुलींना प्रवास फुकट आहे, मग सायकल कशाला? ज्या गावाला शाळेच्या वेळेवर बस येते त्या गावापुरते हे उत्तर बरोबर आहे. खानापूरच्या आतल्या वाड्यांना तसे भाग्य नाही, आणि मुलांना तर तिकीट किंवा पास लागतोच. बस आणि सायकल दोन्ही हव्यात. बस चुकली तर सायकल असते, हा दिलासाही लहान नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. घरोघर लोक सायकली दुरुस्त करू लागले तर सायकलवाल्याच्या पोटावर पाय येणार नाही का? शहापूर, वडगाव, खडेबाजारच्या बाजूला, आणि गावोगावच्या तिठ्यांवर ही छोटी दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. टपरीवजा जागा, पाण्याची परात, छताला टांगलेले टायर, आणि मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही भाषांत गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूस. यांतली बरीच बंद पडली किंवा मोटारसायकलचे पंक्चर काढण्यावर आली. पण ती बंद पडली ती लोक घरी दुरुस्ती करायला लागले म्हणून नव्हे. रस्त्यावरच्या सायकली कमी झाल्या म्हणून पडली. परसात गंजणारी सायकल कुठल्याच दुकानाला धंदा देत नाही. जी रोज चालते तिला वर्षाला टायर लागतो, चेन लागते, आऊट काढावा लागतो, कधी फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचे दातेरी चक्र, बदलावे लागते. आऊट काढणे तर हातखंडा माणसाचेच काम. तारांच्या निपल, म्हणजे टोकाचे छोटे नट, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने कुठे आवळायच्या, कुठे सोडायच्या, हे वर्षानुवर्षांच्या सरावाने येते आणि तिथे घाई करणारा धडधाकट रिमही वाकवून ठेवतो. तेव्हा पंक्चर, चेन, ब्रेक, कोन ही चार कामे घरात आली तर सायकल चालती राहील आणि मोठी कामे दुकानातच जातील.

उलट मी असे म्हणेन की शाळेत हे शिकवायला त्याच सायकलवाल्याला बोलवावे आणि त्याला रीतसर मानधन द्यावे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना गावातल्या कारागिरांकडे शिकायला पाठवण्याची कल्पना आहे. सुतार, माळी, कुंभार अशी नावे त्यात आहेत. कर्नाटकाने ते धोरण नाकारून आपले वेगळे धोरण आखायला 2023 मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. धोरण केंद्राचे असो की राज्याचे, शाळेपासून हाकेच्या अंतरावर बसलेल्या या गुरूला वर्गात आणायला कुणाचा विरोध असण्याचे कारण नाही. त्याला पदवी नाही, एवढ्यावर शिक्षण खाते अडून बसेल अशी मला भीती आहे, आणि तिथे शाळा सुधारणा समितीच्या पालकांनी जोर लावला पाहिजे.

आता कंपन्यांकडे वळतो. जुन्या घडणीच्या काळ्या सायकलची एक थोरवी होती. तिचा प्रत्येक भाग सुटा मिळायचा आणि एका कंपनीचा दुसरीला चालायचा. पेडलची कॉटर पिन, कपातल्या गोळ्या, ब्रेकची सळई, वायसर, सगळे कुठल्याही बाजारच्या गावात. हल्लीच्या गिअरच्या सायकलींना खास चाव्या लागतात, बेअरिंग बंद डबीत येते, आणि दुकानात सांगतात की आतला भाग मिळत नाही, पूर्ण सेट बदला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या शेवटी संकेतस्थळही सुरू केले. त्यात चार क्षेत्रे धरली: शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती वापराची उपकरणे आणि वाहने. वाहने म्हणजे मोटार वाहने. देशातल्या सर्वांत गरीब माणसाचे वाहन त्यात सरळ शब्दांत कुठे नाही. हे मला खटकते. लाखाच्या फोनचा पडदा बदलायचा हक्क महत्त्वाचा आहे, पण शेतमजुराच्या पोराला एक कोन सुटा विकत मिळण्याचा हक्क त्याहून आधीचा आहे. राज्य सरकार हजारोंनी सायकली विकत घेते तेव्हा त्याच्या हातात मोठी ताकद असते. टेंडरमध्येच अट घालता येईल की सायकलचे सगळे झिजणारे भाग सुटे, ठरलेल्या मापाचे आणि तालुक्याच्या ठिकाणी पाच वर्षे मिळाले पाहिजेत. सायकली सुट्या भागांत येऊन घाईघाईत जोडल्या जातात, अर्धवट आवळलेले नट घेऊनच मुलांच्या हाती पडतात. हे जोडकाम मुलांच्या डोळ्यांदेखत, शाळेच्या आवारात का होऊ नये?

दुरुस्तीइतकाच बदलाचाही प्रश्न आहे. मोटारसायकलीत मनाजोगे फेरफार करायला मोटर वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते. सायकल मोटार वाहन नसल्याने तिला ते लागू नाही, आणि त्या मोकळिकीचा आपल्या लोकांनी फार छान उपयोग केला आहे. दूधवाल्यांनी कॅरिअरला दोन्हीकडे किटल्यांचे आकडे लावले. वैरणीचा भारा बसावा म्हणून शेतकऱ्यांनी कॅरिअर रुंद केले. सुरी-कात्रीला धार लावणाऱ्याने तर सायकल स्टँडवर उभी करून मागच्या चाकावरून पट्टा चढवला आणि पेडलवर सहाण फिरवली. कुठल्या कारखान्याने हे त्यांना आखून दिले नव्हते. यळ्ळूर-वडगावच्या काळ्या शेतजमिनीत पावसाळ्यात मडगार्ड आणि टायरमध्ये चिखल बसून चाक फिरेनासे होते, तेव्हा तिथले लोक मडगार्ड वर उचलून बांधतात. खानापूरकडची तांबडी धूळ तेलकट चेनीत शिरून तिला कानशीसारखी झिजवते, म्हणून तिथे चेन वारंवार धुवावी लागते. आणि कृपा करून चेनला गोडेतेल लावू नये. ते चिकट होते आणि धूळ आणखी धरते.

चढाच्या गावांसाठी एक बदल मला विशेष मोलाचा वाटतो. 28 इंची चाकाचा परीघ साधारण 2.2 मीटर. पुढे 48 दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला 18 असले तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल 5.9 मीटरच्या आसपास जाते. सपाट रस्त्याला हे ठीक, जांबोटीच्या चढाला पोराच्या मांड्या भरून येतात. तिथे मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील बसवले तर एका फेऱ्यात 4.8 मीटर होतात आणि पेडलवर लावायचा जोर सुमारे 18 टक्क्यांनी उतरतो. वेग जरा कमी, पण उतरून ढकलायची वेळ कमी येते. दाते चार वाढले की चेनीत इंचभर जोड घालावा लागतो किंवा चाक खाचेत पुढे घ्यावे लागते. फ्रीव्हील सोडवायला खास चावी लागते, म्हणून हे काम दुकानात करावे. मागायचे काय हे मात्र घरच्या माणसाला कळायला हवे. राज्यभर एकाच मापाची सायकल वाटताना विजापूरचे सपाट माळ आणि खानापूरचा घाट सरकारने एकच धरला, आणि पाय दुखले ते मुलांचे.

घरच्या बदलांना मर्यादा आहेत आणि त्या मी पातळ करून सांगणार नाही. पुढच्या फोर्कला तडा गेला तर वेल्डिंग करून तो वापरू नये. जोडाशेजारचे लोखंड तापून कमजोर होते आणि तो तुटतो तेव्हा माणूस तोंडावर आपटतो. ब्रेक काढून सायकल ‘हलकी’ करणाऱ्या पोरांना घरच्यांनी रागवलेच पाहिजे. मोटार आणि बॅटरीचे किट आणून बसवायची टूम आता खेड्यातही आली आहे. 250 वॅटच्या आणि ताशी 25 किलोमीटरच्या मर्यादेत असलेल्या मान्यताप्राप्त गाडीला नोंदणीतून सूट आहे. त्यापुढची मोटार बसवली की ती कायद्याने सायकल राहत नाही, आणि साध्या सायकलचे ब्रेक तेवढ्या वेगाला पुरे पडत नाहीत. सुटे लिथियम सेल जोडून घरी बॅटरी बांधणे हा तर आगीशी खेळ आहे.

आणि रिफ्लेक्टर. आपल्याकडे दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा हंगाम लागला की संध्याकाळी उसाने खचाखच भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ताभर असतात. हायस्कुलातून उशिरा परतणारी पोरे त्यांच्या बाजूने जातात. मागचा लाल रिफ्लेक्टर फुटला तर तो त्याच दिवशी बसवावा. एका स्क्रूचे काम आहे.

हे सगळे प्रत्यक्षात यायला फार मोठा निधी लागत नाही. जोडपाना, कोनचे दोन पातळ पाने, टायर उतरवायच्या पट्ट्या, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सोल्यूशन, पॅचचे रबर, ग्रीसचा डबा, तारा आवळायची चावी आणि पायाने दाबायचा एक चांगला पंप. एवढ्या पेटीवर शंभर सायकली सांभाळता येतात. सोबत चित्रांची पुस्तिका द्यावी, कन्नडबरोबर मराठीत आणि उर्दूतही. ब्रेक कसा आवळावा हे मुलाला कळणाऱ्या भाषेत असणे हा भाषावादाचा विषय कुणी करू नये. तो मुलाच्या सुरक्षेचा विषय आहे. सीमाभागातल्या ज्या संस्था मराठी शाळा टिकाव्यात म्हणून धडपडतात, त्यांनी हा प्रश्नही आपल्या यादीत घ्यावा. शाळा गावापासून लांब आहे, तर शाळेपर्यंतचे चाक फिरते ठेवणे हाही शाळा टिकवण्याचा भाग आहे.

शाळेला सुट्टी असताना पेटी कुलपात राहू नये, यासाठी ती ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात ठेवावी. कर्नाटकात या ग्रंथालयांना आता ‘अरिवु केंद्र’ म्हणतात आणि ती पंचायतीच्याच ताब्यात आहेत. पुस्तक जसे नाव लिहून नेतात तसा पाना न्यावा आणि दोन दिवसांनी आणून द्यावा. हरवेल, चोरीला जाईल, हे ग्रंथपाल सांगतीलच. पुस्तकेही हरवतात, तरी आपण ग्रंथालये चालवतो. वर्षाला दोन-चार पाने नवे घ्यायची तरतूद पंचायतीने आधीच धरून ठेवावी. पंप मात्र बाहेर ओट्यावर साखळीने बांधून ठेवावा, म्हणजे सकाळी साडेआठला, केंद्र उघडायच्या आधी, शाळेला निघालेल्या पोरांना हवा भरून पुढे जाता येईल.